बन्सीच्या फजितीचे डबे

बन्सीकाका येणार म्हटल्यावर दोन्ही पुतण्यांनी आपापल्या परीनं तयारी केली होती. थोरल्या गोरक्षनं इंजिन पुसलं, मशीनला तेल दिलं, तंबूचं कापड झटकून शेडच्या कोपऱ्यात घडी घालून लावलं. तंबूतल्या सिनेमाच्या या धंद्यात अजून जीव आहे असं काकाला दिसावं म्हणून. धाकटा मच्छिंद्र नागापूरच्या कारखान्यातून रजा काढून आदल्या दिवशीच श्रीगोंद्याला आला होता आणि काकासाठी धोतरजोडी घेऊन आला होता. हा काका गेली कित्येक वर्षं त्याच नागापुरात एका वर्कशॉपच्या फाटकावर वॉचमन होता आणि त्याला एकदा घरी बोलावून चहा पाजावा असं मच्छिंद्रला कधी सुचलं नव्हतं, ते सोडा. धोतरजोडी मात्र चांगली होती.

कारण उघड होतं. टूरिंग टॉकीज कागदोपत्री मागच्या पिढीतल्या दोघा भावांची, निम्मी या पोरांच्या बापाची, कानिफनाथाची आणि निम्मी बन्सीची. कानिफनाथ गेल्यावर त्याचं निम्मं दोन पोरांत वाटलं गेलं, म्हणजे काका ज्याच्याकडे झुकेल त्याचं चालणार. गावात पक्कं थेटर बांधायला निघालेले काकासाहेब मशीन, इंजिन आणि शेडची जागा एकदम घ्यायला तयार होते, आणि मच्छिंद्रला ते सगळं देऊन मोकळं व्हायचं होतं. गोरक्षला विकायचं नव्हतं. यंदा दुष्काळानं मढीच्या जत्रेला तंबू गेला नाही, कोळगावलाही नाही. दुष्काळी कामावर खडी फोडून रेशनवरच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी खाणारी माणसं तिकीट काढतील तरी कशाला? पण पाऊस काय जन्मभर रुसणार आहे का, असं तो दिवसातून चारदा म्हणायचा.

तयारी केली नव्हती ती एकट्या छबूबाईंनी, या पोरांच्या आईनं. म्हातारी सकाळपासून चुलीपुढून हलली नव्हती. भाकऱ्या झाल्या तरी तवा उतरवला नव्हता.

"आत्याबाई, किती थापताय? कोन खानार हाय एवढं?" लंकाबाई, गोरक्षची बायको, म्हणाली.

"भावजींना लागत्यात," छबूबाई म्हणाल्या. "ते जेवताना मोजत न्हाईत."

बन्सीकाका दुपारी एस.टी.नं उतरला. एकेकाळी हा माणूस पडद्यावर नुसता उभा राहिला तरी हजार माणसं हसायची, हे आता कुणाला सांगून पटलं नसतं. अंगावरचं मांस उतरलं होतं, डोक्यावर फेट्याच्या जागी टोपी आली होती. चालताना तो मान सारखी इकडून तिकडे फिरवत होता. उंबऱ्यावर लंकाबाईनं पाण्याचा तांब्या पुढे केला, तर तो त्याला दिसलाच नाही.

"कडंचं दिसत न्हाई गं पोरी," तो हसत म्हणाला. "नळीतून बगितल्यागत दिसतं. समोरचं तेवढं दिसतंय. काचबिंदू म्हनतो डाक्टर. हाय ते बी जानार म्हनतो. दिवाळीपतुर टिकलं तर टिकलं."

छबूबाई चुलीपाशी उठून उभ्या राहिल्या. डोळ्यांचं त्यांना माहीत नव्हतं. तो पोरांची समजूत काढायला येतोय, हिशेब मिटवायला येतोय, असंच त्यांना वाटलं होतं. आता तो कशासाठी आला हे त्यांना लगेच कळलं आणि त्यांनी तवा उतरवला.

जेवणं झाली. मच्छिंद्रनं पान लावून दिलं आणि विषयाला हात घातला.

"काका, मी स्पष्टच बोलतो. तंबूचे दिवस गेले. काकासाहेबांचं थेटर उभं राहिलं की आपल्या मशीनला भंगारवालाही विचारणार नाही. आज देतायत तोवर..."

"बापाचा धंदा भंगारात घालायला निघालाय हा," गोरक्ष मध्येच म्हणाला. "काका, तुमीच सांगा. तुमी दोघांनी बैलगाडीतून मशीन नेलं गावोगाव. हा जन्मला तवा तंबूतच जन्मला, बेलवंडीच्या जत्रंत."

"म्हणून काय तंबूतच मरू?"

"भांडू नका रं," बन्सीकाका म्हणाला. "मला तुमच्या भांडनातलं काय बी नको. माझं निम्मं तुमी दोघं सारखं वाटून घ्या. विका, ठेवा, तुमचं तुमी बगा. सही कुठं करायची ते दाखवा."

इतकं सोपं होईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. मच्छिंद्रला धोतरजोडीची थोडी लाज वाटली.

"आन तुमाला काय?" गोरक्षनं विचारलं.

"मला डबे द्या. बन्सीच्या फजितीचे. सगळे. आन न्यायच्या आदी एकदा मशीनवर लाव, गोरक्ष. मला भागू बगायचीय."

गेलेल्या काकूचं नाव ऐकून लंकाबाईचे डोळे भरले. मच्छिंद्रनं मोठ्या मनानं मान हलवली. जुन्या फिल्मला तसंही कुणी विचारत नव्हतं. गोरक्ष मात्र आईकडे बघायला लागला, आणि आई जमिनीकडे.

पहिली फजिती छत्तीस सालची. कानिफनाथ पुण्याच्या एका फिल्म कंपनीत कॅमेरा उचलायच्या कामाला होता. कंपनी बुडाली तेव्हा कुणालाच नको असलेला, हातानं फिरवायचा एक कॅमेरा घेऊन तो गावी आला. टूरिंग सुरू केली आणि धाकट्या भावाला पडद्यावर उभं केलं. दर वर्षी जत्रांच्या आधी घरच्या घरी एक दहा मिनिटांचं चित्र काढायचं आणि मोठ्या चित्राच्या आधी दाखवायचं. बन्सी मोटारीत बसतो, बन्सी तालमीत जातो, बन्सी पाटलाचा घोडा धुतो. चित्रात आवाज नव्हता. कानिफनाथ पडद्याशेजारी उभा राहून भोंग्यातून बोलायचा. लोक मोठ्या चित्राचं नाव विसरायचे आणि यंदा बन्सीची काय फजिती झाली ते वर्षभर सांगायचे. लढाईच्या दिवसांत कोरी फिल्म मिळेना, तेव्हा फजिती चार मिनिटांवर आली. मग स्वराज्य आलं, सरकारी बातमीपट आला. तो दाखवावाच लागायचा, आणि तो संपेपर्यंत लोक बाहेर विड्या फुंकत उभे राहायला शिकले. फजितीही त्याच वेळात निघून जायला लागली. सत्तावन्न सालच्या फजितीला तंबूत कुत्रंही हसलं नाही. "आता बास करू, बन्सी," कानिफनाथ म्हणाला, आणि बन्सी त्याच आठवड्यात बायकोला घेऊन नागापूरकडे निघून गेला.

पण चित्र कुठल्याही सालचं असो, सुरुवात एकच असायची. घराचं दार उघडायचं. बन्सीची बायको भागूबाई त्याच्या डोक्यावरचा फेटा सारखा करायची, हातात भाकरीचं गाठोडं द्यायची आणि बोट उगारून काहीतरी बजावायची. भोंग्यातून कानिफनाथ म्हणायचा, "भाकरी निवायच्या आत घरी या!" आणि सगळा तंबू त्याच्याबरोबर ओरडायचा. भागूबाई लाजाळू. कॅमेऱ्यापुढे एवढ्यापुरतीच यायची, पण दर वर्षी नव्यानं यायची. पहिल्या चित्रातली परकर नुकताच सोडलेली पोर शेवटच्या चित्रात चाळिशीला टेकली होती. तिचा फोटो कधी कुणी काढला नाही. घरात कॅमेरा असताना फोटोग्राफरकडे जातं कोण?

ती कुठल्याशा तापानं गेली तेव्हा बन्सीनं तिच्या दहाव्याला छबूबाईंना सांगितलं होतं, "वयनी, मला काळजी न्हाई. ती डब्यात हाय. कवा बी बगता येतीय." छबूबाईंनी तेव्हा मान हलवली होती. सांगायची वेळ तीच होती. तेव्हा सांगितलं असतं तर रागावला असता, भांडला असता, आणि कधीतरी निवला असता.

शेडमधली पत्र्याची पेटी गोरक्षनं ओढून काढली. वरच्या डब्याचं झाकण उघडताच तिखट वास आला. डबा होता परातीएवढा आणि आत रीळ होतं वाटीएवढं.

"हे एवढंच?" मच्छिंद्र म्हणाला.

दुसऱ्या डब्यात त्याहून कमी. तिसऱ्यात नुसतं एक वेटोळं. बन्सीकाका पेटीशेजारी खाली बसला होता. त्याला डब्याच्या कडा दिसत नव्हत्या, त्यानं हात घालून चाचपलं. मग दुसऱ्या डब्यात हात घातला. मग तिसऱ्या.

"कुनी विकलं?" त्यानं विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

"मी नाही," मच्छिंद्र लगेच म्हणाला. "मी या पेटीला कधी हात लावला नाही. यांनाच विचारा. जुन्या फिल्मपासून बांगड्या करणारे लोक घेतात, मला माहिताय."

"जिभंला हाड हाय का?" गोरक्ष त्याच्या अंगावर गेला.

"विकलं न्हाई, भावजी," छबूबाई म्हणाल्या. "मी कापलं."



"तुमाला तुमच्या दादांचा नेम ठावं हाय. दुसऱ्याच्या चित्राला कात्री लावायची न्हाई. मुंबईहून चित्र यायचं, त्याची पुढची पट्टी गावोगाव फाटून आलेली असायची. मशीनला अडकवायला चार हात पट्टी तर लागतीया. बाकीचे टूरिंगवाले सरळ चित्रातनं कापायचे. ह्यांनी कदी कापू दिलं न्हाई. म्हनायचे, आपल्या डब्यातलं काय बी जोड, पन लोकाचं कापू नको. जोडकाम माझ्याकडं. मग मी फजितीतनं घ्यायची."

"पुढनं," बन्सीकाका म्हणाला.

"पुढनं. पुढची पट्टी म्हनून पुढनंच घ्यायची सवय. आन वाटायचं, सुरुवात तर सगळ्यांत एकच हाय. एका डब्यातली गेली तर दुसऱ्यात हाय की. दर बारीला निराळा डबा काढायची, एकाच चित्राचं नुसकान नको म्हनून." त्यांनी उघड्या डब्यावर झाकण ठेवलं. "मी सगळ्यांत थोडं थोडं घेतलं, भावजी. आन सगळ्यांत तीच हुती."

"मी बी कापलंय, काका," गोरक्ष खाली बघत म्हणाला. "आईला बारीक दिसंना झाल्यावर जोडकाम मी करायचो. मला वाटलं आईनं हात लावला नसंल, भरपूर हाय. दोन-चार डबे मी तर उलगडून बगितलेच न्हाईत, शेवट धरूनच ओढले."

मच्छिंद्र दाराला टेकून उभा होता. त्याला एकदम आठवलं, लहानपणी दिवाळीत फटाके मिळायचे नाहीत तेव्हा शेडमागे फिल्मचे तुकडे कागदात गुंडाळून पेटवले की बाणासारखे सुटायचे. तुकडे याच पेटीतले होते. तो ते बोलला नाही. पण त्यानंतर तो भावालाही काही बोलला नाही, आणि काकासाहेबांचं नावही त्यानं त्या दिवशी पुन्हा काढलं नाही.

बन्सीकाकाला रडू आलं नाही. त्याला स्वतःचाच राग आला होता. माणूस मेल्यावर डब्यात राहतं असं समजून तो एवढी वर्षं निवांत बसला. रात्रपाळीला फाटकावर बसून तो मनात एकेक फजिती लावायचा, दार उघडायचा आणि तिथंच थांबायचा. पुढची फजिती बघायची त्याला गरज वाटायची नाही. एस.टी.चं तिकीट काही महाग नव्हतं. रुसून गेलेल्यानं परत यायचं म्हणजे वहिनीपुढे मान खाली घालावी लागेल, म्हणून तो आला नाही. इकडे वहिनी कापत राहिली, तिकडे तो फुगून बसला.

"लाव," तो म्हणाला.

"काका, ह्यात काय ऱ्हायलं न्हाई..."

"हाय ते लाव. एकाला एक जोडा."

गोरक्षनं पहिला तुकडा उचलला आणि थबकला. "ह्याला बी पुढची पट्टी लागंल," तो कसाबसा म्हणाला.

"मग आता माझं काप," बन्सीकाका म्हणाला. "शेवटचं काप आन पुढं जोड. शेवटी मीच एकटा दारात बसलेला असतो. ते कुनाला बगायचंय?"

जोडकामाला छबूबाईच बसल्या. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, पण बोटं विसरली नव्हती. ब्लेडनं खरवडायचं, डिंकाचं बोट फिरवायचं, दाबून धरायचं. लंकाबाईनं दारं लावून फटींत पोती कोंबली. मच्छिंद्रनं न सांगता भिंतीवर चादर ठोकली. इंजिन सुरू झालं. बन्सीकाका उठला आणि एकेक पाऊल मागे सरकत शेडच्या पार दुसऱ्या टोकाला गेला. तिथून आख्खी चादर त्याच्या नळीत मावली.

चित्र सुरू झालं ते मध्येच. बन्सी मोटारीखालून बाहेर आला, तोंड काळं. मोटारीखाली तो गेला कसा ते आता कुणालाच कळणार नव्हतं. मग एकदम तालीम, बन्सी आपटला. मग घोडा, मग विहीर. आपटणारा, भिजणारा, धावणारा बन्सी एकामागून एक येत गेला, दर वेळी थोडा म्हातारा, आणि कुठल्याच वेळी तो घरातून निघाला नव्हता. लंकाबाईनं यातलं काहीच कधी पाहिलं नव्हतं. ती पदर तोंडाला लावून हसली, मग आपण हसलो याचं तिला वाईट वाटलं. बन्सीकाका हसला नाही. तो आपल्याला बघतच नव्हता. प्रत्येक जोडाच्या जागी चादर क्षणभर पांढरी व्हायची आणि तो मान पुढे काढायचा.

मग एका जोडानंतर दार दिसलं. उघडं दार, उंबऱ्यावर बन्सी, आणि कडेनं आलेला एक हात. मनगटभर बांगड्या, पदराचा काठ आणि बन्सीच्या हातात टेकवलेलं गाठोडं. माणूस आधीच्या तुकड्यासोबत कात्रीनं गेलं होतं, हात तेवढा राहिला होता.

"थांबव!" बन्सीकाका ओरडला.

गोरक्षचा हात मशीनवर गेला.

"नको! थांबवू नको, जळंल!" त्याच श्वासात तो पुन्हा ओरडला. "जाऊ दे. जाऊ दे तिला."

थांबलेली फिल्म दिव्यापुढे डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पेट घेते, हे या घरात पोराटोरांनाही माहीत होतं. गोरक्षनं हात मागे घेतला. पडद्यावरचा बन्सी गाठोडं घेऊन, तोंडभर हसत चालू लागला. थोड्या वेळानं तोही संपला.

"परत लावू?" गोरक्षनं विचारलं. मग खरं ते सांगून टाकलं, "कडंची भोकं फाटायला लागलीत, काका. अजून एकदा चालंल. फार तर."

"मग नको. तेवढा तुकडा दे मला काढून. उजेडाला धरून बगीन, दिसतंय तवर."

दारं उघडली. उन्हं कलली होती. छबूबाईंनी तेवढा तुकडा कापून त्याचं वेटोळं केलं. गोरक्ष काकाजवळ बसला. काहीतरी बरं बोलावं असं त्याला फार वाटत होतं.

"काका, कापलेलं वाया न्हाई गेलं तसं. काकू त्या चित्रांच्या पुढं जोडलेली हाय. मुंबईला गेली, तिथनं कुठं कुठं गेली असंल. कुठल्या तरी थेटरात अजून चालत असंल."

बन्सीकाकानं हेच मशीन तरुणपणी हातानं चालवलं होतं. पुढची पट्टी सरून चित्र मशीनच्या दारात येईपर्यंत ऑपरेटर दिव्यापुढची झडप उघडत नाही, हे त्याला गोरक्षनं सांगायची गरज नव्हती.

"चालत असंल," तो म्हणाला. "पन अंधारात."

संध्याकाळच्या एस.टी.ला तो निघाला. सही करून दिली होती. कागद भिंतीतल्या कोनाड्यात पडून होता आणि दोघांपैकी एकाही पुतण्यानं तो उचलला नव्हता. तो तुकडा ठेवलेली टिनाची छोटी डबी त्यानं सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली. छबूबाईंनी सकाळच्या भाकऱ्या फडक्यात बांधल्या आणि गाठोडं त्याच्या हातात दिलं.

"भावजी, तिला उनात ठेवू नका," त्या म्हणाल्या. "उनानं वळती."

"व्हय."

उंबऱ्यावर तो थांबला आणि वळला. मुद्दाम नव्हे, बावीस वर्षं दर हंगामाला चित्र काढताना तो याच उंबऱ्यावर असाच वळला होता. मान फिरवून फिरवून त्यानं दार आपल्या नळीत धरलं. त्यात छबूबाई होत्या. एक वाक्य त्याला ऐकायचं होतं हे त्यांना कळलं. सगळा तंबू ओरडायचा ते वाक्य, त्यांना झोपेतही आलं असतं. पण ज्या बाईला कापलं तिचं बोलणं आपल्या तोंडानं म्हणायचा धीर त्यांना झाला नाही. त्यांचे ओठ हलले, आवाज फुटला नाही.

बन्सीनं थोडी वाट पाहिली. मग टोपी सारखी केली, स्वतःच्याच हातानं, आणि निघाला. गाठोड्यातल्या भाकऱ्या सकाळीच निवल्या होत्या.